अल्हम्ब्रा: माती आणि जिप्समचा राजवाडा

पहिला दिवस

माद्रिदहून दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादाला रेल्वेने साडेतीन तास लागतात. स्टेशनवरून टॅक्सी केली, पण तिने आम्हाला आल्बाइसिन वस्तीच्या पायथ्याशीच उतरवलं, कारण पुढच्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही. गोटे बसवलेल्या चढावर चाकाच्या बॅगा निरुपयोगी ठरतात, त्या सरळ उचलायच्या.

आम्ही चौघं होतो: मी, नवरा, धाकटे दीर आणि जाऊ. दीर कोल्हापुरात बांधकामाची ठेकेदारी करतात. सगळी हयात गिलावा, पीओपी आणि फरश्यांत गेलेली. त्यामुळे आम्ही गाइड घेतला नाही. गाइडपेक्षा जास्त बोलणारा माणूस घरचाच होता.

संध्याकाळी सान निकोलास चर्चसमोरच्या चौकात गेलो. समोर दरी, दरीत दारो नदी आणि पलीकडच्या साबिका टेकडीवर लांबच लांब अल्हम्ब्रा. मागे सिएरा नेवादाचे डोंगर. ऑक्टोबर संपत आला होता, तरी शेंड्यावर बर्फाचा एक पुसट पट्टा दिसत होता. कट्ट्यावर दोघं गिटार वाजवत बसले होते आणि गर्दी इतकी की फोटोसाठी रांग.

"वहिनी, बाहेरून तर काहीच नाही हो," भावजी म्हणाले. "नुसत्या मातीच्या भिंती."

खरंच तसं आहे. लालसर माती, चुना आणि खडी फळ्यांच्या साच्यात थराथरानं ठोकून उभारलेल्या भिंती, मधूनमधून चौकोनी बुरूज. कोरीव दगड नाही की संगमरवर नाही. 1238 साली नासरी घराण्याच्या पहिल्या मुहम्मदने ग्रानादा ताब्यात घेऊन या टेकडीवर बांधकाम सुरू केलं, तेव्हा मुसलमानांचं कोर्दोबा शहर ख्रिश्चन राजांच्या हाती पडलेलंच होतं आणि दहा वर्षांत सेव्हियाही (सेव्हिल) गेलं. स्पेनमधल्या मुस्लिम सत्तेचा उरलेला एवढाच तुकडा, तोही शेजारच्या कास्तिया या ख्रिश्चन राज्याच्या राजाला खंडणी भरून टिकलेला. पैसा बेताचा आणि उद्याचा भरवसा नाही, अशा अवस्थेत पुढची अडीचशे वर्षं ही माणसं इथे बांधत राहिली. ही गोष्ट डोक्यात ठेवून आत गेलं की आतलं सगळं वेगळं दिसतं.

रात्री जेवायला गल्लीतल्या एका छोट्या बारमध्ये शिरलो. ग्रानादात पेय मागवलं की बरोबर तापास म्हणून काहीतरी खायला फुकट येतं. ते काय असेल हे बार ठरवतो आणि बहुतेक वेळा त्यात मांस असतं. शाकाहारी असाल तर आधीच "सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो" (मांस नको, हॅम नको, मासे नकोत) म्हणून टाकायचं. नुसतं "सिन कार्ने" म्हटलं तर हॅम येण्याची शक्यता आहे, हॅमला तिथे कोणी मांसात धरत नाही. आम्ही 'बेरेन्हेनास कोन मिएल' मागवलं. वांग्याचे कुरकुरीत तळलेले काप आले आणि त्यांवर चक्क काकवी! ऊस या भागात अरबांनी आणला आणि ग्रानादाच्या किनारपट्टीवर शतकानुशतकं पिकला. वांग्यावर काकवी ही कल्पना कोल्हापूरच्या माणसांना सुचू नये याचं जाऊला फार वाईट वाटलं. दुसरी प्लेट तिनेच मागवली.

*तिकिटाबद्दल:* अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा आणि जमेल तेवढं आधी. सुट्टीच्या हंगामात तर दोन-तीन महिने आधी. तिकीट नावावर असतं आणि दारावर पासपोर्ट बघतात, झेरॉक्स चालेल असं धरून चालू नका. नासरी राजवाड्यांसाठी अर्ध्या तासाची वेळ दिलेली असते. ती चुकली की आत सोडत नाहीत. बाकीचे भाग दिवसभरात केव्हाही बघता येतात, पण प्रत्येक ठिकाणी प्रवेश एकदाच.

दुसरा दिवस

सकाळी गोमेरेस रस्त्याने चालत चढलो. मध्यभागातून छोट्या बसही वर जातात (सी-30 आणि सी-32), पण पाय धड असतील तर चालाच. दाळिंबाच्या दरवाजातून आत गेलं की दुतर्फा उंच झाडी आणि रस्त्याच्या कडेने खळखळत उतरणारं पाणी. हे पाणी दिवसभर आपली पाठ सोडत नाही.

न्यायाचा दरवाजा 1348 चा, सुलतान युसूफ पहिल्याच्या काळातला. बाहेरच्या कमानीवर कोरलेला हात, आतल्या कमानीवर किल्ली. आतला रस्ता वळणं घेत जातो, म्हणजे धावत येणाऱ्या शत्रूला थबकावंच लागेल. तिथून आधी आल्कासाबा, म्हणजे लष्करी किल्ला, हा सगळ्यात जुना भाग. व्हेला बुरुजावर एक मोठी घंटा आहे. 2 जानेवारी 1492 ला शेवटचा सुलतान बोआब्दिल याने शहर इसाबेला आणि फर्नांडो या ख्रिश्चन राणी-राजाच्या हवाली केलं, त्या तारखेला दर वर्षी ती वाजवतात. त्या दिवशी घंटा वाजवणाऱ्या मुलीचं वर्षभरात लग्न ठरतं अशी समजूत आहे. जाऊने लगेच मुलीला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. उत्तर आलं नाही.

आमची वेळ अकराची होती. रांगेत असतानाच ढग भरून आले.

पहिलं दालन मेशुआर. इथे सुलतानाचं मंत्रिमंडळ बसायचं, पुढे ख्रिश्चन राजांनी त्याचं प्रार्थनाघर केलं. भिंतीवर खालच्या टाइल्समध्ये सोळाव्या शतकातला स्पेनचा राजा पाचवा कार्लोस याचं 'प्लुस उल्त्रा' (आणखी पुढे) हे ब्रीद आहे आणि त्याच खोलीत वर अरबी अक्षरं. जिंकलेल्यांनी हरलेल्यांचं पुसलं नाही, शेजारी आपलं लिहिलं. पुढच्या चौकात कोमारेस राजवाड्याचा दर्शनी भाग, अल्हेसिरास हे बंदर जिंकल्यानंतर 1370 मध्ये पाचव्या मुहम्मदाने उभारलेला. दोन अगदी सारखे दरवाजे आणि वर पुढे झुकलेली रुंद लाकडी पागोळी.

पावसाची पहिली सर तिथेच आली. सगळे भिंतीशी सरकले आणि भावजी मात्र मान वर करून पागोळीकडे बघत राहिले.

"आता कळलं. हे सगळं जिप्सम आहे वहिनी. जिप्समला पाणी लागलं की संपलं. म्हणून एवढी पुढे काढलीय ती."

त्यांनी बोट दाखवलं तिकडे पाहिलं. पावसाचं पाणी भिंतीपासून चांगलं हातभर दूर पडत होतं. खालची फरशी ओली आणि सहाशे वर्षांपूर्वीचं कोरीवकाम ठणठणीत कोरडं.

मग दिवसभर आम्ही हेच बघत फिरलो. अल्हम्ब्राची भिंत जवळजवळ सगळीकडे तीन भागांत विभागलेली आहे. खाली कमरेपर्यंत किंवा जरा वर टाइल्स, मध्ये कोरलेलं जिप्सम, वर लाकडी छत. जाऊने साडीच्या भाषेत सांगितलं, खाली काठ, मध्ये अंग आणि पदर डोक्यावर घेतलेला. यात व्यवहारही आहे. जिथे माणसाचा खांदा, हात, ओलं फडकं लागणार तिथे न झिजणारी टाइल. जिथे फक्त नजर जाणार तिथे नाजूक जिप्सम.

टाइल्स जवळून बघाव्यात म्हणून मी मुद्दाम एका कोपऱ्यात वाकले. हे नक्षी छापलेले चौकोन नाहीत. एकेका रंगाची झिलईदार फरशी भाजायची, मग टोकदार हातोडीने टिचवून तिचे तारे, पट्ट्या आणि पंख वळवलेल्या पाखरांसारखे तीन टोकांचे तुकडे काढायचे, आणि ते उलटे मांडून मागून मसाला ओतायचा. निळा कोबाल्टचा, हिरवा तांब्याचा, मधाळ पिवळा लोखंडाचा, काळपट जांभळा मँगनीजचा आणि पांढरा कथिलाचा. सांध्यात नख जात नव्हतं. एका पाखराचं टोक मात्र टवका उडून गेलेलं होतं आणि तिथे आतली विटकरी माती दिसत होती. रंग फक्त वरच्या झिलईचा. डच चित्रकार एशर इथे 1922 आणि 1936 मध्ये येऊन या भिंती वहीत उतरवत बसला होता. त्याच्या एकमेकांत अडकलेल्या आकृत्यांची मुळं इथे आहेत हे समजायला पाच मिनिटं पुरतात.

कोमारेसच्या चौकात मधोमध लांब हौद, दोन्ही बाजूंना मर्टल या सदाहरित झुडपाची कापलेली कुंपणं. फोटोंत या हौदात पंचेचाळीस मीटर उंचीचा बुरूज उलटा दिसतो. आम्हाला पावसाच्या थेंबांनी फुटलेलं पाणी दिसलं, बुरूज नाही. लोक हिरमुसले होते, पण वळचणीखाली ताटकळल्यामुळे एक ओळख झाली. मोरोक्कोतल्या फेसहून आलेलं एक वयस्कर जोडपं शेजारी उभं होतं. काका भिंतीवर बोट न लावता हवेतच अक्षरं गिरवत बायकोला वाचून दाखवत होते. आम्ही बघतोय म्हटल्यावर मोडक्या इंग्रजीत आम्हालाही सांगू लागले. 'वला गालिब इल्लल्लाह', अल्लाशिवाय विजेता कोणी नाही, हे नासरी घराण्याचं ब्रीद. कधी कोनेदार कुफी लिपीत, कधी वळणदार, कधी वेलबुट्टीत इतकं गुंतलेलं की काकांनाही शोधावं लागत होतं. एकदा डोळ्यांना सवय झाली की ते दाराच्या चौकटीवर, खिडकीवर, खांबाच्या माथ्यावर, सगळीकडे दिसू लागतं. टाइल्स तोडायचं हेच काम फेसमध्ये आजही हाताने चालतं, असं काका म्हणाले, आणि भावजींनी पुढची सहल तिथेच ठरवून टाकली.

बुरुजाच्या आत राजदूतांचं दालन. अकरा मीटर लांब, तेवढंच रुंद, अठरा मीटर उंच. सुलतान दाराच्या बरोबर समोरच्या कोनाड्यात, खिडकीकडे पाठ करून बसायचा. येणाऱ्याला त्याचा चेहरा नीट दिसत नसे, फक्त उजेडातली आकृती दिसे. छत लाकडाचं, 8,017 तुकड्यांचं. ताऱ्यांच्या थरांवर थर चढत मध्यापर्यंत जातात. हे सात स्वर्ग, आणि छताच्या कडेला कुराणातली 'मुल्क' ही सूरा लिहिलेली आहे, तिच्यात सात आकाशांचा उल्लेख आहे. हे दालन बांधवून घेणारा युसूफ पहिला 1354 मध्ये मशिदीत नमाज पढताना मारला गेला. छताखाली तो किती काळ बसला असेल कोण जाणे.

पाऊस थांबला तेव्हा आम्ही सिंहांच्या चौकात पोचलो. हा युसूफच्या मुलाचा, पाचव्या मुहम्मदाचा. त्याला 1359 मध्ये पदच्युत करून फेसला हाकललं होतं, 1362 मध्ये तो परत आला आणि दुसऱ्यांदा गादीवर बसल्यावर त्याने हे उभं केलं. 124 सडपातळ संगमरवरी खांब, कुठे एकेकटे, कुठे जोडीने, कुठे तीन-चारांचा घोळका. मध्ये बारा सिंह आणि त्यांच्या पाठीवर कारंज्याचं पात्र. सिंहांवर साचलेला चुन्याचा थर काढायला दहा वर्षं गेली, 2012 मध्ये ते पुन्हा जागेवर आले. बारांपैकी कोणतेही दोन सारखे नाहीत, आयाळीच्या कुरळ्या ओळी आणि कानांची ठेवण बघा. पात्राच्या कडेवर इब्न झमरक या दरबारी कवीची कविता कोरलेली आहे. तिच्यात तो म्हणतो की वाहतं पाणी आणि स्थिर दगड इतके एकजीव झालेत की यातलं वाहतंय कोण हे ओळखता येत नाही. भिंतींवर लिहिलेलं काव्य जगात इतरत्रही आहे, पण इथे भिंत बहुतेक वेळा स्वतःबद्दल बोलते, 'मी' म्हणून.

भावजी कमानींखाली उभे राहून हसत होते. "खोट्या आहेत! एकही कमान भार घेत नाही." खांबांवर छोटे चौकोनी खांब, त्यांवर लाकडी तुळई आणि सगळं वजन त्या तुळईवर. मधली जागा जाळीदार जिप्समच्या पडद्यांनी भरलेली आहे आणि कमान म्हणजे त्या पडद्याची खालची कड. खांबाच्या जोडांत शिशाचे पत्रे घातलेत, भूकंपात किंवा उन्हाने हललं तर दगड तडकू नये म्हणून. माझा नवरा म्हणाला, "म्हणजे फसवणूकच की रे." भावजींना ते मुळीच पटलं नाही. "फसवणूक कसली दादा? तीन मजली चिरेबंदी कोणीही करेल. हे एवढ्या कमी मालात कोण करेल?"

चौकालगतच्या 'दोन बहिणींच्या दालनात' मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. नाव जमिनीतल्या दोन मोठ्या संगमरवरी शिळांवरून पडलंय, बहिणींची कहाणी नंतरची. वरचा घुमट मुकर्नासचा. जिप्समचे 5,000 हून जास्त छोटे लोलक आणि कोनाडे एकमेकांवर रचलेले. आकार मोजक्याच प्रकारचे, साच्यातून काढायचे आणि हिशेबाने जुळवायचे. खालच्या कडेला खिडक्या आहेत, त्यामुळे ऊन जसं फिरतं तशी प्रत्येक कोनाड्यातली सावली सरकते. ढग बाजूला झाला आणि अर्धा घुमट पिवळा झाला, तेव्हा दालनातली शाळेची पोरंसुद्धा गप्प झाली. नीट पाहिलं तर खोल भागांत निळ्या-तांबड्या रंगाचे कण अजून आहेत. आज आपण हस्तिदंती अल्हम्ब्रा बघतो, पण मुळात हे सगळं निळं, लाल आणि सोनेरी होतं. मला ते रंगवलेलं आवडलं असतं की नाही, शंका आहे.

समोरच्या आबेन्सेराहेस दालनात कारंज्याच्या पात्रावर तांबूस डाग आहेत. इथे एका घराण्याच्या सरदारांची कत्तल झाली आणि ते रक्त अजून जात नाही अशी आख्यायिका. डाग लोखंडाच्या गंजाचे आहेत. पण वर बघा, आठ टोकांच्या ताऱ्याचा घुमट आहे.

बाहेर आलं की पाचव्या कार्लोसचा राजवाडा अंगावर येतो. 1527 मध्ये पेद्रो माचुकाने सुरू केलेला, बाहेरून चौकोनी, आत गोल अंगण आणि तळाशी 32 दगडी खांब. खर्च मोरिस्कोंवर, म्हणजे बाटवलेल्या मुसलमानांवर कर बसवून काढला. त्यांनी 1568 मध्ये उठाव केला तसा पैसाही आटला आणि छत थेट विसाव्या शतकात घातलं गेलं. इमारत वाईट नाही. वेगळ्या गावात असती तर मी तिचं कौतुकच केलं असतं. पण मागच्या दोन तासांनंतर एवढा दगड पचत नाही.

*खाण्याबद्दल:* आत एखाद-दुसरी टपरी सोडली तर फारसं काही मिळत नाही. डबा बरोबर ठेवा. नळाचं पाणी पिण्यासारखं आहे. मोठी सॅक नेऊ नका, राजवाड्यांत ती पोटावर घ्यायला लावतात.

दुपारी खेनेरालिफेत गेलो, ही सुलतानांची उन्हाळ्याची बाग. लांबट चौकात पाण्याचा पाट आणि दोन्ही बाजूंनी उडणाऱ्या धारा. या उंच धारा नंतरच्या काळातल्या, मूळचं पाणी इतकं उडी मारत नव्हतं. मला खरी आवडली ती पाण्याची जिन्याची वाट. लॉरेलच्या झाडांची दाट सावली, वर चढत जाणाऱ्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंच्या कठड्यांच्या माथ्यावर पन्हळ. हात टेकायचा तिथून पाणी वाहतंय! टेकडीवर पाणी नव्हतंच. दारो नदी सुमारे सहा किलोमीटर वरच्या अंगाला अडवून पाटाने इथे आणलं, नुसत्या उतारावर. दिवसभर पाठीशी असलेली खळखळ तीच.

तिसरा दिवस

सकाळी शहरात उतरलो. युसूफ पहिल्याने 1349 मध्ये स्थापन केलेल्या मदरशाचं प्रार्थनागृह बघण्यासारखं आहे. जवळच चौदाव्या शतकातली व्यापाऱ्यांची सराई, कोर्राल देल कार्बोन, तिचं अंगण फुकट बघता येतं. शाही चॅपेलमध्ये इसाबेला आणि फर्नांडो यांची थडगी आहेत. दोघांना आधी अल्हम्ब्रातच पुरलं होतं, 1521 मध्ये इथे हलवलं. जिंकलेला वाडा त्यांना एवढा आवडला की मुसलमान कारागीर लावून त्यांनी तो दुरुस्त करून घेतला. खरं नुकसान पुढे झालं. 1812 मध्ये माघार घेताना नेपोलियनच्या सैन्याने अनेक बुरूज सुरुंगाने उडवले आणि अल्हम्ब्रातल्याच पार्ताल मनोऱ्याचं लाकडी छत तर आज बर्लिनच्या संग्रहालयात आहे.

दुपारी गोमेरेस रस्त्यावरच्या एका तारासेआच्या दुकानात शिरलो. लाकडात हाड आणि शिंपल्याचे तुकडे बसवून नक्षी करायचं हे काम नासरी काळापासून चालत आलंय. मालक साठीचे, इंग्रजी शून्य. भावजींनी खिशातली टेप काढून टेबलाच्या कडेला लावली आणि तेवढ्यावर दोघांची गट्टी जमली. त्रिकोणी काड्या, अक्रोडाच्या काळ्या आणि हाडाच्या पांढऱ्या, सरसाने चिकटवून एक जाड कांडी करतात. ती आडवी कापली की प्रत्येक चकतीवर तोच तारा निघतो. मालकांनी करवत चालवून कागदाइतकी पातळ चकती कापली आणि भावजींच्या तळहातावर ठेवली. पैसे घेतले नाहीत. मग अर्थातच आम्ही दोन डब्या विकत घेतल्या. दुकानं बघताना एवढंच तपासा की नक्षीवर बोट फिरवल्यावर सांधे जाणवतात का. छापील कागद चिकटवलेला स्वस्त माल भरपूर आहे.

शुक्रवार होता, म्हणून रात्रीचं तिकीट मिळालं होतं. हिवाळ्यात रात्रीच्या भेटी आठवड्यातून मोजकेच वार असतात. दिव्यांत टाइल्सचे रंग मरतात आणि घुमट उंच अंधारात अर्धे हरवतात, पण जिप्समचं कोरीवकाम खालून पडलेल्या तिरप्या उजेडात दिवसापेक्षा खोल दिसतं. हवा थांबली होती, त्यामुळे काल न दिसलेला बुरूज आज हौदात अखंड उलटा उभा होता. जाऊने फोटोंचा कोटा भरून काढला. तरी एकच भेट परवडणार असेल तर दिवसाचीच घ्या. रात्री खेनेरालिफे आणि आल्कासाबा त्या तिकिटात येत नाहीत, आणि थंडी इतकी की कोल्हापूरचे स्वेटर पुरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसने कोर्दोबाला गेलो. तुम्ही जाल तर क्रम उलटा ठेवा: आधी कोर्दोबाची मशीद, मग सेव्हिया आणि ग्रानादा शेवटी. कोर्दोबातले खांब-कमानी खऱ्या भार घेणाऱ्या आहेत आणि भावजी तिथेही प्रत्येक खांबापाशी थांबले, पण बाकीच्यांची नजर एव्हाना नाजूक कामाला सोकावली होती.